गिरणीतलं घर

पूर्णिमाने भिंतीतलं टेबल खाली उतरवलं, त्यावर चहाचे दोन कप ठेवले आणि सवयीने तिसऱ्या कपासाठी फळीकडे गेलेला हात मागे घेतला. सर्जेरावांनी ते पाहिलं. आईचं तेरावं उरकून बापलेक सकाळीच वाघोलीहून नारायण पेठेत आले होते. खरं तर परत आले होते ते सर्जेराव. पूर्णिमा त्यांना पोचवायला आली होती, आणि चहा झाला की निघायचं हे तिने येतानाच ठरवलं होतं.

या घरात तिला आता थांबवत नव्हतं. घर तिनेच बांधलेलं होतं, हीच तर अडचण होती.

पूर्वी इथे सर्जेरावांची पिठाची गिरणी होती. लोक पिशवीतलं तयार पीठ घ्यायला लागले, गिरणी बंद पडली, आणि दोन इमारतींच्या मधला हा अरुंद गाळा वर्षानुवर्षं कुलपात राहिला. पुढे आईवडिलांवर राहती भाड्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा पूर्णिमाचा भाऊ रणजित म्हणाला, वाघोलीला माझ्याकडे या, ऐसपैस फ्लॅट आहे. पूर्णिमा आर्किटेक्ट. शहराच्या पोटात अशा कितीतरी जागा धूळ खात पडल्यात आणि माणसं मात्र गावाबाहेर ढकलली जातात, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. रिक्षावालेही त्यातून सुटले नव्हते. तिने या गाळ्यातच आईवडिलांना घर करून दिलं.

जुन्याच विटा वापरल्या, गिरणीच्याच दाराचं लाकूड. उजेड छपरातून यायचा, आंघोळीचं पाणी कुंड्यांना जायचं. जिन्याच्या प्रत्येक पायरीत कप्पा, दिवाणाखाली कप्पे, एक वीत जागा वाया गेलेली नव्हती. आईची मापं तर तिने शिंप्यासारखी घेतली होती. हात वर केला तर कुठवर पोचतो, कणीक मळताना कोपर कुठे येतं, मांडी घालून बसली तर गुडघ्यांना किती जागा लागते. सत्यशीलाबाई हसत हसत उभ्या राहिल्या, बसल्या, वाकल्या. एवढी मापं माझ्या लग्नातल्या ब्लाउजलाही कुणी घेतली नव्हती, असं त्या पुढे घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. येणारेही पुष्कळ. कॉलेजची मुलं फोटो काढून न्यायची, आणि सत्यशीलाबाई एकेक कप्पा उघडून दाखवताना औषधाची वेळ विसरायच्या.

मग दुखणं वाढलं. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा अर्थ न विचारता सगळ्यांना कळला. पूर्णिमाने रजा टाकली, इथे राहायला यायचं म्हणून बॅगही भरली, आणि आईने अचानक वाघोलीला जायचा हट्ट धरला. कारण विचारलं तर म्हणाली, इथे कोंडल्यासारखं होतं गं.

ते वाक्य पूर्णिमाच्या काळजात रुतून बसलं. शेवटचे दिवस ती भावाच्या घरी पाहुण्यासारखी जात-येत राहिली. आई गेली त्या सकाळी रणजितच्या मोठ्या हॉलमध्ये तिला खाली ठेवलं होतं, चारी बाजूंनी बायका बसल्या होत्या, आणि त्या क्षणीसुद्धा, लाज वाटावी असं, पूर्णिमाच्या मनात एकच गोष्ट होती. हिला माझं घर आवडलं नव्हतं.

"गाळा विकायचा असेल तर विका, बाबा," ती आता म्हणाली. "रणजितकडेच राहा. तुम्हालाही इथे कोंडल्यासारखं होत असेल."

"मला काही होत नाही."

"आईला होत होतं."

सर्जेरावांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"तिलाही होत नव्हतं. खोटं बोलली ती तुझ्याशी. मलाही गप्प बसवलं."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. वाघोलीला जाण्याआधीची एक दुपार. ते औषधं घेऊन आले, तर सत्यशीलाबाई दिवाणाशेजारी, भिंत आणि जिना यांच्या मधल्या जागेत फरशीवर उताण्या झोपलेल्या. खाली सतरंजीसुद्धा नाही. पडल्याच म्हणून ते धावले.

"तर म्हणाली, पडले नाही, बघत होते. पाय जिन्याला अडतात हो."

"बघत होती? काय?" पूर्णिमाने विचारलं.

"माणूस गेलं की खाली घेतात ना," सर्जेराव हळूच म्हणाले. "दिवाणावर नाही ठेवत."

बाहेरून एक स्कूटर गेली. सर्जेराव कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. सत्यशीलाबाईंनी सगळा विचार करून ठेवला होता. इथे गेले तर मला गल्लीत ठेवावं लागेल, आणि जमलेले नातेवाईक म्हणतील, लेक एवढी आर्किटेक्ट, पण आईला शेवटचं टेकवायला घरात जागा नाही.

"पोरीच्या घराकडे कुणी बोट दाखवायला नको, म्हणाली. मला रणजितकडे न्या, आणि तिला सांगू नका." त्यांनी डोळे पुसले. "मी सांगणार नव्हतो. पण तू घरावर रागावून चाललीस. ते तिला सोसलं नसतं."

पूर्णिमाने खाली पाहिलं. ती जागा तिनेच सोडली होती, जायला-यायला पुरेल एवढी. आईची उभ्याची, बसलेली, वाकलेली सगळी मापं तिला अजून तोंडपाठ होती. आडवी होण्याचं माप तिने फक्त दिवाणाला घेतलं होतं.

तिने कप उचलले, टेबल भिंतीत मिटवलं. मग ती खाली बसली आणि फरशीवर उताणी झाली. उंची तिची आईएवढीच. डोकं भिंतीला लागलं, टाचा जिन्याच्या खालच्या कप्प्याला टेकल्या. तिने गुडघे थोडे वर घेतले. तेवढ्याने ती मावली.

सर्जेराव दिवाणावरून उठून तिच्या उशाशी येऊन बसले.

"तिनंही असंच करून पाहिलं होतं," ते म्हणाले. "मला विचारत होती, असं ठेवलं तर नाही का चालणार हो?"