वास्तू तथास्तु म्हणते!

हिरामण देवरे म्हणजे माणूस सोन्यासारखा. पण एक खोड मोठी. संकटाचं नाव काढलं की कानांवर हात! इंदिरानगरातल्या एका छोट्या बी.एड. कॉलेजात तो ग्रंथपाल. एक लांबट खोली, पाच-सहा हजार पुस्तकं, पुढं एक दार, मागं एक दार. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तर त्याचं काळीज दुमडायचं.

त्या दिवशी सकाळी त्याची मदतनीस निकिता हिनं एक कागद पुढं ठेवला.

"सर, लायब्ररीत पाणी शिरलं, आग लागली, तर कुणी काय करायचं ते लिहून काढलंय. वाचून सही करता?"

"शुभ बोल गं बाई, शुभ बोल!" हिरामणनं अशी इकडंतिकडं नजर टाकली, जशी काही भिंत चहाडी करणार होती. "वास्तू तथास्तु म्हणते. असलं लिहूनसुद्धा ठेवू नये."

कागद न वाचताच त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला आणि वर कुलूप लावलं. जणू संकटालाच कोंडलं!

हसू नका मंडळी, तुमच्या-माझ्या घरी दुसरं काय चालतं? गॅसच्या नळीला चिरा पडतात, आपण उदबत्ती लावतो आणि गप्प बसतो.

दुपारी हिरामणची थोरली बहीण सुलाबाई देवळ्याहून आली. शाळा तिसरीपर्यंत, पण कांदा साठवायच्या दोन चाळी एकटीच्या जिवावर चालवते. व्यापारीसुद्धा तिच्याशी हळू आवाजात बोलतात. आल्या आल्या तिनं बाजरीच्या भाकरी टेबलावर ठेवल्या.

"कसा शे रे भाऊ? वाळला का फुगला, काय कळंना."

"बरा आहे आक्का. अचानक कशी आलीस?"

"नानांचं पित्र झालं काल. रात्रभर त्यांच्याच आठवणी. म्हटलं, त्यांच्या वह्या तरी डोळ्यांनी बघून येऊ."

नाना म्हणजे या दोघांचे वडील, केरूनाना. चाळीस वर्षं रोज दिवेलागणीला त्यांनी वहीत लिहिलं होतं, आज पाऊस किती बोटं पडला. ते गेल्यावर हिरामणनं त्या वह्या कॉलेजच्या लायब्ररीत ठेवल्या. पोरांनी अभ्यासाव्यात ही त्याची हौस. दुसरी प्रत कुठंच नव्हती. गेल्या की गेल्या!

वह्या मागच्या दाराजवळ, खालच्या फळीवर, जमिनीपासून चार बोटं उंच. आक्कानं ते बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"कांदा आम्ही जमिनीवर ठेवत नाय, अन् तू बापाला ठेवला?"

"वरच्या फळीवर शब्दकोश आहेत आक्का. शोभून दिसतात."

"शोभून! अन् हा कोण नवरदेव?"

भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर होतं. गेल्या दसऱ्याची झेंडूची माळ वाळून त्याच्या गळ्यात तशीच होती, अंगभर हळदकुंकू. निकितानं रुमालानं कुंकू पुसलं. खाली छापलेली तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती!

"चालवता येतं का कुणाला?" आक्कानं विचारलं.

शिपाई बारकूमामा छताकडं बघू लागला. हिरामण पुटपुटला, "वेळ कशाला येईल? असं बोलू नये आक्का, वास्तू..."

"तथास्तु म्हणते, ठाऊक हाय मला! पण ती पाण्याची मोटर मघापासून घरघरतीय, ती तशीच चालू ठेवून कुणी चहा प्यायला गेलं तर वास्तू काय म्हणत असंल?"

बारकूमामाचा चेहरा पडला. "अरे देवा! मोटर!"

गच्चीवरची टाकी केव्हाच भरून वाहत होती. पन्हाळीत पालापाचोळा तुंबलेला, सगळं पाणी मागच्या दाराशी. बघता बघता उंबऱ्यावरून आत आलं!

हिरामण धावला आणि त्यानं काय उचललं? शब्दकोश! वरच्या फळीवरचे, कोरडे ठणठणीत, कुठल्याही दुकानात मिळणारे. तो दोन्ही हातांत दोन-दोन शब्दकोश घेऊन उभा, आणि पाणी वह्यांकडं सरकत चाललेलं.

"बेण्याचा कांदा आधी!" आक्का गरजली. "विकायचा कांदा पुन्हा मिळंल, बेणं गेलं तर काय पेरशील?"

त्या एका वाक्यानं हिरामणच्या हातातले शब्दकोश टेबलावर आले. तो गुडघ्यांवर पाण्यात बसला आणि वह्या छातीशी धरून उठला.

"मामा, आधी मोटर बंद करा, मग मेन स्विच!" निकिता ओरडली. "खाली वायरी आहेत!"

"मेन स्विच कुठंय पोरी?"

"कागदावर लिहिलंय!"

"कागद कुठंय?"

ड्रॉवरमध्ये, कुलपात! आणि किल्ली सरांच्या स्कूटरच्या जुडग्यात! शेवटी निकिताच पळाली आणि जिन्याखालचा स्विच तिनं बंद केला. तिच्या हाकेसरशी वर्गातली पोरं-पोरी आली. स्लॅब टाकताना घमेली जातात तशी हातोहात पुस्तकं टेबलांवर चढली. कुणी खराट्यानं पाणी लोटलं, कुणी पदर खोचला. हसण्याखिदळण्यात अर्ध्या तासात खोली मोकळी!

दोन वह्यांच्या कडा तेवढ्या भिजल्या होत्या. हिरामण त्या उन्हात ठेवायला निघाला, तर आक्कानं मनगट धरलं.

"बी सावलीत वाळवतात. ऊन लागलं की आकसतं."

मग खिडक्या उघडल्या आणि पानांमध्ये कोरे कागद घालून वह्या वाऱ्याला पसरल्या. पसरता पसरता हिरामणची नजर एका पानावर थांबली. शाई जराशी फुटली होती, पण अक्षर वाचता येत होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं :

"वैशाख. अवकाळी दोन बोटं. चाळीवर ताडपत्री सकाळीच बांधून ठेवली होती, म्हणून निवांत पोराला बघायला गेलो. पोरगा गोरा आहे. नाव हिरामण ठेवू."

मग आक्का खुदकन हसली.

"बघ! आभाळ कोरं असतानाच बापानं ताडपत्री बांधली. त्यांनी काय पावसाला आवतण दिलं? वरतून पाऊस पडत होता, अन् ते तुझं तोंड बघत हसत होते. तयारी असली की माणसाला हसायला सवड मिळती, भाऊ!"

हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या दिवशीचं तेवढं एकच पाणी कुणी लोटलं नाही. त्यानं ड्रॉवर उघडला, निकिताचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली : "सर्वांत आधी नानांच्या वह्या आणि हातानं लिहिलेलं सगळं." मग मान खाली घालून म्हणाला, "निकिता, चुकलं माझं."

"सर, किल्लीची एक प्रत मला द्या, म्हणजे झालं!"

दसऱ्याला वह्या सर्वांत वरच्या फळीवर होत्या आणि शब्दकोश खाली. भिंतीवर नवं सिलिंडर होतं. त्याला माळ घातलीच, पण ती काढून प्रत्येकानं ते चालवायचंही शिकून घेतलं. बारकूमामानं पहिल्या फटक्यात सगळ्यांना पांढरंशुभ्र केलं! पाहुणी म्हणून देवळ्याची आक्का. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वास्तू ऐकती ना? मग तिला चांगलं ऐकवा! म्हणा, पाणी आलं तरी आमची पुस्तकं भिजणार नायत!"

सगळ्यांच्या आधी हिरामणच ओरडला, "तथास्तु!"

वाचकहो, संकटाचं नाव घेतल्यानं ते येत नाही आणि न घेतल्यानं वाट चुकत नाही. आपल्या घरातलं, शाळेतलं बेणं कोणतं ते आजच ठरवा आणि ते कोण उचलणार, हेही लिहून ठेवा. फक्त तो कागद कुलपात ठेवू नका!