खाऱ्या शेजारातलं गोडं पाणी

मी विहीर बोलतेय. ऐकायचं असेल तर काठावर हात टेकून थोडं वाका. फार वाकू नका, माझा जीव खालीवर होतो.

बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत यायचं, होडीने पलीकडे उतरायचं आणि माडांमधल्या वाटेने दहा मिनिटं चालायचं, की आमचा कोळ्यांचा पाडा लागतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. वीसेक घरं, वाळत घातलेले बोंबील, आणि दुपारी एवढी शांतता की एका घरात भांडं पडलं तर तिसऱ्या घरातून चौकशी होते. वीज आली, नळ मात्र आला नाही. त्यामुळे माझा भाव जरा जास्त. गर्व म्हणा हवं तर, पण समुद्राच्या एवढं जवळ राहून गोडं पाणी देणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

मला तुळशीदास कोळ्याने खणलं. त्याआधी त्याने दोन ठिकाणी खणलं होतं आणि दोन्हीकडे खारं पाणी लागलं होतं. "समुद्र कमी पडला काय रं तुला?" म्हणून पाडा त्याला चिडवायचा. तिसऱ्या खेपेला पंधरा हातांवर मी लागले. तेव्हा तो धिप्पाड, शिवराळ माणूस चिखलात बसून लहान पोरासारखा रडला.

माझं खरं गुपित सांगते. माझ्या तळाखाली समुद्राचं खारं पाणी आहे. त्याच्यावर पावसाचं मुरलेलं गोडं पाणी तरंगतं, कारण ते हलकं. दोरीने थोडं थोडं काढलं तर तेवढं पुन्हा भरून येतं. तुळशीदासच्या सुनेला, पुतळाबाईला, हे पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात घरटी चार कळश्या, आणि पुनवेच्या उधाणाला दोन दिवस कळशी सोडायचीच नाही, हा तिचा कायदा. शेजारच्या पाच घरांतल्या बायका तिच्या शिव्या खायच्या आणि गुपचूप तिचं ऐकायच्या.

पुढे पुतळाबाईचा नवरा गेला. लेक शेवंती लग्न होऊन वेसाव्याला गेली. एवढं घर एकटीच्याने झाडवेना, म्हणून चौऱ्याऐंशी साली तिने ते विकायला काढलं आणि स्वतः दोन घरं सोडून दिराच्या खोलीत राहायला गेली.

घर घेतलं शिवदासने. मूळचा कुडाळकडचा, तीस वर्षं गिरणीत काढलेली. संपानंतर गिरणी बंद पडली, हातात जे आलं ते त्याने या कौलारू घरात घातलं. त्याची बायको रत्नप्रभा पहिल्यांदा आली तेव्हा तिने खोल्या पाहिल्याच नाहीत. तडक माझ्याकडे आली आणि आत बघत उभी राहिली. घाटकोपरच्या चाळीत बावीस वर्षं ती पहाटे चार वाजता सार्वजनिक नळावर रांग लावत होती, हे मला नंतर कळलं. नवऱ्याने नवं घर कसं हवं असं विचारलं होतं, तेव्हा तिचं एकच मागणं होतं. "माका घरात नळ होयो. बाकी काय नको."

जाण्याच्या दिवशी पुतळाबाईने मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रत्नप्रभाला म्हणाली, "घर इकलंय, बाय. हिला नाय इकली. ही सगल्यांची."

"होय मावशी," रत्नप्रभा म्हणाली. तिला हे मनापासून पटलं होतं.

दोन वर्षं सुखाची गेली. पाड्याला वाटलं होतं, शहरातली माणसं महिन्याभरात कंटाळतील. पण ही बाई सोडे साफ करायला बसली की कोळणींच्या बरोबरीने हात चालवायची. फक्त पाणी ओढताना तिचा उजवा खांदा दुखायचा. तसं ती कोणाला सांगत नसे. मला दोरीवरून कळायचं. शिवदासलाही कळत असावं, कारण शहाऐंशीच्या माघात तो होडीतून एक खोकं घेऊन आला. खोक्यात मोटर होती.

घराच्या मागे विटांच्या खांबांवर टाकी चढली. टाकीतून पाइप स्वयंपाकघरात गेला. पुतळाबाई काठी टेकत आली. "नको लावू रं हिला यंतर. दोरीनं येल तेवढाच हिचा."

शिवदास हसला. "मावशी, आमच्या गावाक बावीच बावी आसत. दिवसभर पाणी काढला तरी आटत नायत."

"तुजे गावचे विहिरीखाली समुद्र हाय काय?"

तो पुन्हा हसला आणि त्याने बटण दाबलं. विहिरींबद्दल त्याला काही कळत नसतं, तर त्याने म्हातारीचं ऐकलं असतं. जांभ्या दगडातल्या डोंगराकडच्या विहिरी त्याने पाहिल्या होत्या, म्हणून तो फसला.

पण त्या दिवशीची रत्नप्रभा मी कशी विसरू? तिने नळाला कुंकू लावलं. नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मग पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसून राहिली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. बावीस वर्षांनी एका बाईला रांगेतून सुटका मिळत होती, आणि ती माझ्या पाण्याने मिळत होती.

वैशाखात घाटकोपरचे पाहुणे हवा बदलायला आले. मोटर दिवसातून दोनदा, कधी तीनदा चालायला लागली. उधाणाच्या दिवशीही थांबली नाही. मी ओरडून सांगणार कोणाला? माझं गोडं पाणी वरून सरत गेलं आणि खालचं खारं वर चढत आलं. आधी साबणाला फेस येईना. मग डाळ शिजेना. एका सकाळी पाहुण्यांचा चहा फाटला, तेव्हा रत्नप्रभाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि चूळ भरून टाकली.

पाड्यात कोणी भांडलं नाही. मला वाटलं होतं, भांडतील. पाच घरच्या बायका मुकाट्याने माडाच्या वाडीपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या. माझ्या काठावरून हसत, एकमेकींची उणीदुणी काढत जाणाऱ्या बायका आता माझ्याकडे न बघता जायच्या. त्यांच्या मागे कळशी घेऊन रत्नप्रभा जायची आणि तिथल्या रांगेत शेवटी उभी राहायची. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शिवदासने मोटर बंद केली, पण त्याचा धीर सुटला. "हय आता रवाचा नाय," म्हणाला. भांडुपला एक खोली बघून आला आणि घराला गिऱ्हाईकही शोधलं. सांताक्रूझचं एक जोडपं, सुटीला येऊन राहायला त्यांना समुद्राकाठी घर हवं होतं. ते जोडपं यायच्या दिवशी शिवदासने वाडीपलीकडून गोड्या पाण्याचा हंडा आणला आणि झाकून ठेवला. "पाणी मागल्यानी तर ह्यातला दी," त्याने बायकोला बजावलं.

ती माणसं चांगली होती. घर त्यांना आवडलं, ओटी आवडली, मीही आवडले. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "विहिरीचं पाणी द्या हं थोडं."

रत्नप्रभाने हंड्याकडे पाहिलं. मग दुखऱ्या खांद्याने दोरी सोडली, माझ्यातून कळशी वर काढली आणि त्याच पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढे केला.

"अहो, हे तर खारट आहे!"

"हो," ती म्हणाली. "आधी गोड होतं. आमच्यामुळे झालंय."

पाहुणे दुपारच्याच होडीने परत गेले. शिवदासने डोक्याला हात लावला. "ह्यां काय केलंस गो? हातचा गिऱ्हाईक गेला ना!"

ती माझ्या काठावर बसली होती. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आजारी माणसाक कोण इकता काय?"

शिवदासने पान्हा आणून मोटर सोडवली आणि तसाच पुतळाबाईच्या खोलीकडे गेला. तिला घेऊनच परत आला.

"मावशी, काय करू सांगा."

"काय नाय करायचा. हिला निजू दे."

"किती दिवस?"

"घाई तू केलीस. ती नाय करनार."

पुढे सव्वा वर्ष माझ्यात कोणी कळशी सोडली नाही. पाड्यातल्या पोरांनाही माझ्यापाशी खेळायची बंदी होती. दोन पावसाळे मी नुसते पीत राहिले. शिवदास रोज सकाळी माझ्या काठावरचा पालापाचोळा वेचायचा आणि आत वाकून हलक्या आवाजात विचारायचा, "काय, बरा वाटता?" माझा आवाज त्याला ऐकू गेला असता तर मी म्हटलं असतं, अरे, मी कधीच रागावले नव्हते. मला फक्त बुजवून टाकतील याची भीती वाटत होती.

नारळी पुनवेनंतरच्या सोमवारी पुतळाबाईने माझं पाणी चाखलं. चूळ भरून टाकली नाही, गिळलं. मग वळून गल्लीकडे तोंड करून अशी ओरडली की कावळे उडाले. "कलश्या आना गो!"

आता अठ्ठ्याऐंशी साल सरत आलंय. माझ्यावर पुन्हा पाच घरचं पाणी भरतं. मी पहिल्यासारखी भरलेली नाही, आणि दर वैशाखात खालचं खारं पाणी किती वर आलंय ते चाचपून बघते. ऐकते की खाडीपलीकडून आणखी माणसं इथे जागा बघायला येतायत. या, जरूर या. शांत जागा आहे, माणसं गोड आहेत. फक्त घर घेण्याआधी शेजारच्या म्हातारीला विचारा, की आमचं पाणी कसं काढायचं. तेवढं केलंत तरी मी पुष्कळ जगेन.

रत्नप्रभाने नळाचं नाव टाकलं होतं. शिवदासने टाकलं नाही. साठीचा माणूस रोज सकाळी दोरीने माझ्यातून कळशी काढतो, शिडी चढतो आणि टाकीत ओततो. घरच्या वाट्याच्या चारच कळश्या, पण सगळ्या टाकीत जातात. आत्ताही दुसरी ओतून तो धापा टाकत उतरतोय. स्वयंपाकघरात पाण्याची बारीक धार लागलीय आणि आतून रत्नप्रभा ओरडतेय, "पुरे झाला वो! ऱ्हवांदे आता!"

"आजून दोन गो," तो म्हणतो आणि दोरी पुन्हा माझ्याकडे सोडतो.