शालूवाल्याचं जेवण

ललिताबाईंच्या निरोप समारंभात साहेब पंचवीस मिनिटं बोलले, त्यातली वीस स्वतःबद्दल. उरलेल्या पाचात त्यांनी ललिताबाईंचं नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा 'लताबाई' असं. ललिताबाईंना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांचं लक्षच तिथं नव्हतं.

समारंभ सांगली फाट्याजवळच्या एका हॉटेलात होता. खाली जेवायची सोय, वर राहायच्या खोल्या आणि रिसेप्शनला सहा फुटी काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, रंगीत प्रवाळ, पिवळेजांभळे मासे. त्या गर्दीत बोटाएवढा एक मासा होता. निळ्या अंगावर नारिंगी-हिरवी वेलबुट्टी, भरजरी शालू गुंडाळून निघाल्यासारखा. बाकीचे मासे पोहत होते आणि हा पठ्ठ्या खडकावरून चालत होता. दोन पावलं टाकायचा, खडकात चोच मारल्यासारखं काहीतरी टिपायचा, पुन्हा दोन पावलं. एवढं टिपूनही त्याचं पोट खपाटीला गेलेलं होतं.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला एवढं लांबूनही दिसलं. टाळ्या वाजल्या, शाल-नारळ झालं. बाईंनी नारळ साहेबांच्याच हातात परत दिला आणि सरळ टाकीकडे गेल्या.

"हा मासा उपाशी आहे," त्या काउंटरमागच्या माणसाला म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे हॉटेलचे मालक विजयसिंह. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याला फोन लावायची गरज पडू नये.

"उपाशी?" ते खुर्चीतून उठलेच. "ओ मॅडम, माझ्या हाटेलातनं आजवर कोण उपाशी गेलंय? दिसाला तीनदा घालतोय त्याला. दाणं घातलं, अंड्याचा बलक घातला, सुकटीची पूड घातली. एकदा तर खिमा घातला."

"मग?"

"मग काय! तोंड फिरवतंय. ह्याच्या आधीचं दोन असंच गेलं. हवा मानवत न्हाय म्हणतोय दुकानदार."

"पाण्यातल्या माशाला कसली हवा?" ललिताबाई म्हणाल्या.

 

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ललिताबाईंनी घरातली सगळी कपाटं आवरली. मंगळवारी पुन्हा तीच आवरली. बुधवारी त्या फोन घेऊन बसल्या आणि त्या माशाची माहिती शोधू लागल्या. मँडरिन त्याचं नाव. वाचता वाचता त्या एकट्याच खो खो हसल्या. हा शहाणा मेलेलं काही खातच नव्हता. त्याला लागायचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे, पाण्यात टुणटुण उड्या मारणारे जिवंत किडे. कोळंबीचे लांबचे चुलतभाऊ म्हणायचे.

आणि ह्या घराण्याला ललिताबाई चांगल्याच ओळखत होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा नारूच्या रोगाची भीती अजून गेलेली नव्हती. गावोगावच्या विहिरींचं पाणी फडक्यातून गाळायचं, त्यात नारू पसरवणारा सायक्लॉप्स शोधायचा आणि सापडला की औषध टाकून मारायचा, हेच त्यांचं काम. सायक्लॉप्स म्हणजे कोपेपॉडच, फक्त गोड्या पाण्यातला. किडे आणि शेवाळ ह्यांच्या जिवावर उठण्याचा पगार बाईंनी छत्तीस वर्षं घेतला होता. आता एका शालूवाल्या माशापायी तेच पाळायचे होते.

गुरुवारी सकाळी त्या हॉटेलात हजर झाल्या.

"टाकीखालचं कपाट उघडा," म्हणाल्या.

कपाटात दुसरी छोटी टाकी होती. वरचं पाणी नळीतून खाली यायचं, गाळलं जायचं आणि पंपानं परत वर जायचं. बाईंनी त्यातला एक रिकामा कप्पा दाखवला. "इथं शेवाळ लावायचं. वर दिवा ठेवायचा. माशांच्या घाणीवर शेवाळ वाढतं, म्हणजे पाणीही साफ राहतं. शेवाळाच्या गुंत्यात किड्यांना लपायला जागा मिळते आणि खायला तिथं कुणी मासा येत नाही. त्यांची पोरं-बाळं वाढली की पंपातून आपोआप वर जातात, माशाच्या तोंडात."

विजयसिंहांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे खाली शेवाळ लावायचं, त्यात किडं पाळायचं, आन् ते रिसेप्शनला सोडायचं?"

"हो."

"आन् ह्ये करायला लोक पैसं घालवत्यात?"

"तुम्ही दोन मासे मारायला घालवलेत की."

हे वर्मी लागलं. विजयसिंह माशाकडे वळले. मासा खडकावरून उतरला, वाळूत दोनदा तोंड घातलं, काही मिळालं नाही, पुढं गेला. "पावणा दारात येऊन उपाशी मराय लागलाय," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज म्हणजे इतरांचा साधा. "लावा मॅडम. काय लावायचं ते लावा."

पुण्याच्या एका हौशी माणसानं शेवाळाचा गोळा पाठवला. पाण्यानं भरलेली पिशवी बसच्या ड्रायव्हरशेजारी बसून कोल्हापूरला आली. गोळा नारळाएवढा, हिरवागार, कुरळ्या राठ तारांचा. ललिताबाईंनी तो भिंगाखाली धरला तर आत पांढरे ठिपके झटके देत पळत होते. पोटाला दोन पिशव्या लटकवलेली एक मादीही दिसली, अंड्यांनी गच्च भरलेली. "या बाई," त्या म्हणाल्या आणि गोळा अलगद कप्प्यात सोडला.

बारा दिवसांनी त्या बघायला आल्या तर अर्धा गोळा गायब.

चौकशी झाली. वेटरांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी स्वयंपाकघरामागून धोंडुबाई आल्या. भांडी घासायचं खातं त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं वजन मालकापेक्षा जास्त होतं, दोन्ही अर्थांनी.

"म्या घेतला," धोंडुबाई म्हणाल्या. "एवढी चांगली घासणी पाण्यात टाकून ठेवलीया. म्हटलं, कुजून जाईल."

"घासणी?" ललिताबाईंनी विचारलं.

"तर! पर कंपनीनं फसवलंय बघा. दोन कढया झाल्या आन् चोथा झाला. परत घिऊ नका असली."

विजयसिंह कपाळ धरून बसले. ललिताबाईंना राग यायला हवा होता. त्यांनी धोंडुबाईंचा ओला हात धरला, कपाटाशी नेलं, भिंग दिलं आणि उरलेला अर्धा गोळा दाखवला. धोंडुबाई गुडघ्यावर बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटाला पिलावळ हाय की!" आणि मग दचकून, "म्या किती घासली असतील?"

"हजारभर."

धोंडुबाईंनी दोन्ही हातांनी गाल बडवून घेतले. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला गेली. खुद्द मालकांनी मागितली तरी "कशाला?" असा प्रश्न आधी यायचा. 'मँडरिन' म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी माशाचं नाव शालूवाला ठेवलं आणि आठवड्याभरात सगळं हॉटेल त्याला तेच म्हणू लागलं.

दोन महिन्यांत शेवाळ दुप्पट झालं. शालूवाल्याच्या पोटाचा खड्डा भरला, मग पोट सपाट झालं, मग चक्क सुटलं. विजयसिंह स्वतःच्या पोटाकडे बघून "आता शोभतोय आमचा" असं म्हणायला लागले. ललिताबाई एक दिवसाआड यायच्या, कप्प्यातलं पेलाभर पाणी फडक्यातून गाळून किडे मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. पूर्वी आकडा शून्य आला की दिवस चांगला जायचा. आता शंभराच्या वर गेला की त्या धोंडुबाईंना चहा सांगायच्या.

आणि मग एक दिवस हुबळीकडचा कुणी पाहुणा सकाळी खोली सोडताना टाकीजवळ थांबला. टाकीचा मोठा दिवा अजून लागायचा होता. अंधारात किडे बेधडक बाहेर येतात, काचेवर फिरतात. त्या सकाळी तर त्यांची जत्राच भरलेली होती. पाहुण्यानं फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. 'रिसेप्शनलाच जिवंत किडे. स्वयंपाकघरात काय असेल?' खाली एक तारा, तोही नाइलाजानं दिलेला.

दुपारपर्यंत तो फोटो विजयसिंहांना बावीस जणांनी पाठवला. त्यात त्यांचे साडू होते आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं तर वर हात जोडलेली चित्रंही टाकली होती. मालकांचं डोकं सटकलं. धोंडुबाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला मुरगूडला गेल्या होत्या. मालकांनी कपाटाचं कुलूप तोडलं. किडे वर येऊ नयेत म्हणून आधी पंप बंद केला आणि मग ब्लीचिंग पावडरचा अख्खा डबा खालच्या टाकीत ओतला.

ललिताबाई दारातून आत आल्या आणि थबकल्या. ह्या वासाबरोबर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

"काय टाकलंत?"

"साफ केलं सगळं!" विजयसिंह पंपाच्या बटणापाशी उभे होते. "बास झालं मॅडम. आता पंप लावतो, वरचं बी साफ हुईल."

"बटणाला हात लावाल तर याद राखा!"

हा आवाज ललिताबाईंचा आहे हे त्यांना स्वतःलाही खरं वाटलं नाही. जेवणारे लोक घास हातात धरून वळले. विजयसिंहांचा हात हवेतच राहिला.

"पंप लावला की पाच मिनिटांत वरचं सगळं मरेल. मासे, प्रवाळ, सगळं. शालूवाला सगळ्यात आधी. कळलं?"

विजयसिंहांनी हात खाली घेतला. मग ते हळूच स्टुलावर बसले. "मला काय ठावं," ते म्हणाले. "लोकं हसाय लागली, मॅडम. बाच्या काळापासनंचं हाटेल हाय. घाण म्हणालं कुणी न्हवतं आजवर."

ललिताबाईंनी पदर खोचला. "बादल्या आणा. रडायचं नंतर."

दोन वेटर, मालक आणि ललिताबाई, चौघांनी खालची टाकी उपसली. पांढरं फटक पडलेलं शेवाळ बादलीत पडलं तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. कपाटात क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली होती. दुकानदारानं दिलेली, मालकांनी कधी न उघडलेली. बाईंनी टाकी तीनदा धुतली, नवं खारं पाणी भरलं, औषध घातलं, पाणी बाटलीत घेतलं आणि पर्समधल्या जुन्या तपासणीच्या संचातले दोन थेंब टाकले. क्लोरीन उरलं असतं तर पाणी पिवळं झालं असतं. पहिल्यांदा झालं. पुन्हा धुतली. चौथ्या वेळी पाणी पाण्यासारखं राहिलं.

"आता लावा पंप."

पंप सुरू झाला. सगळे काचेला नाक लावून बसले. शालूवाला खडकामागून बाहेर आला, दोन पावलं चालला आणि खडकावरचं काहीतरी टिपून गिळलं.

"पर खालचं किडं तर मेलं की," विजयसिंह म्हणाले. "ह्यो खातोय काय?"

"वरचे. दोन महिन्यांत ते सगळ्या खडकांत जाऊन राहिलेत. तुमच्या पाहुण्यानं ज्यांचा फोटो काढला ना, तेच. नवं शेवाळ येईपर्यंत ह्याला तेच जगवतील."

विजयसिंहांनी खिशातून फोन काढला आणि तो फोटो पुन्हा उघडला. ह्या वेळी बोटांनी मोठा करून बघितला. "लै हायत की ओ," ते म्हणाले, आणि आवाजात थोडा अभिमान आला.

त्या तक्रारीला उत्तर ललिताबाईंनी सांगितलं आणि विजयसिंहांनी लिहिलं. 'आपण पाहिलेले किडे आमच्या माशाचं जेवण आहे. ते मेनूकार्डावर नाही. पुढच्या वेळी आलात तर भिंग देऊ.' हे उत्तर मूळ तक्रारीपेक्षा लांब फिरलं. शाळेच्या सहली आल्या. दोन कॉलेजांतले प्राध्यापक आले आणि एकमेकांशी भांडून गेले. पलीकडचा हॉटेलवालाही आला, फक्त चहा प्यायला म्हणून. अर्धा तास कपाटासमोर वाकून उभा राहिला आणि जाताना कुठून मिळतं हे शेवाळ, असं विचारून गेला.

मुरगूडहून परतलेल्या धोंडुबाईंनी मात्र तुटकं कुलूप बघून मालकांशी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी पुण्याहून नवा गोळा आला. तो मालकांनी स्वतःच्या हातानं, त्यांच्या समोर, पाण्यात सोडला. तेव्हा कुठं त्या म्हणाल्या, "हळू. आपटू नका."

पुढं पावसाळा संपता संपता विजयसिंहांनी शालूवाल्यासाठी मादी आणली. कुणालाही न विचारता. ललिताबाई चिडल्या, दोघांना पुरेल एवढं जेवण आहे का म्हणाल्या, आणि मोजायला बसल्या. पुरत होतं.

महिनाभरानं एका संध्याकाळी टाकीचा दिवा मंद झाला आणि दोघं खडक सोडून वर उठली. गालाला गाल, पंखाला पंख लावून, एकदम हळू, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. रिसेप्शनला इचलकरंजीचं वऱ्हाड खोल्यांच्या चाव्या घ्यायला उभं होतं. त्यातली चार-पाच पोरं फोन काढून, फ्लॅश लावून टाकीकडे धावली. धोंडुबाई पदराला हात पुसत मधे आडव्या झाल्या.

"खाली बसा पावणं," त्या म्हणाल्या. "त्येंचं चाललंय."

वऱ्हाड गुमान खाली बसलं, नवरदेवासकट. विजयसिंहांनी हॉलचे सगळे दिवे बंद केले. ललिताबाई टाकीच्या कडेला उभ्या होत्या, वही न उघडता. वर पाण्यात अंड्यांचं धुकं सुटलं आणि दोन्ही मासे झटकन खाली आले.

"मॅडम," विजयसिंह कानात कुजबुजले, आणि ते सगळ्या वऱ्हाडाला ऐकू गेलं, "बारसं कधी धरायचं?"

"सकाळपर्यंत बाकीचे मासे खातील सगळी अंडी," ललिताबाई म्हणाल्या.

 विजयसिंहांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला, आणि शेजारी मांडी घालून बसलेल्या नवरदेवाला म्हणाले, "तुमी मनाला लावून घिऊ नका. जेवायला चला."