थोरलीचं पाणी

सासूबाईंना दवाखान्यात नेलं त्या सकाळी त्यांनी मला घर नाही सोपवलं, थोरली सोपवली. थोरली म्हणजे खिडकीजवळच्या कुंडीतलं मॉन्स्टेराचं झाड, मोठाल्या फाटक्या पानांचं. ते माझ्या लग्नाआधीपासून या घरात, म्हणून ते थोरली आणि मी धाकटी. हे सगळं गमतीतच चालायचं, पण पाहुण्यांना आधी तिची ओळख करून दिली जायची आणि मी मागून चहा घेऊन यायचे.

"थंडीत ती झोपते," बूट चढवता चढवता, धापा टाकत त्या म्हणाल्या. "माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी नाही. जागा हलवायची नाही. काही करायचंच नाही. जमेल का तुला, काही न करणं?"

माझा स्वभाव त्यांना पक्का ठाऊक. मी घरीच शिवणकाम करते, कुणाच्या कोटाचं अस्तर, कुणाच्या पँटची उंची. हात थांबले की माझं डोकं सुरू होतं, आणि ते नको तिकडेच धावतं. त्यात सासूबाईंचं हृदय थकलेलं, अंगात पाणी साठलेलं, डॉक्टरांनी प्यायचं पाणीसुद्धा मोजून ठरवलेलं. सासरे दिवसभर दवाखान्यात, नवरा कामासाठी परगावी. तो रोज फोनवर काळजी करू नकोस म्हणायचा, जसं काही मी ती हौसेने करत होते.

पाणी मी घातलं नाही, देवाशपथ. पण हात लावल्यावाचून राहवेना. काचेजवळ गारठेल म्हणून कुंडी हीटरपाशी सरकवली. तिथे पानांच्या कडा करपल्या, म्हणून दाराजवळ नेली. दारातून वारा येतो, म्हणून पुन्हा खिडकीत. मशीनवर एक शिवण झाली की उठायचं आणि मातीत बोट खुपसायचं. माती ओली. कधीही बघा, ओलीच. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, बुंध्याशी कुबट वास यायला लागला. मी चक्क तिच्यावर चिडले. मला तोंडघशी पाडायलाच बसली होती ती.

खरं तर मी घाबरले होते. ही मेली तर सासूबाई मला एका शब्दाने बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं मला जन्मभर सोसावं लागेल. दुसरी भीती त्याहून वाईट होती. ही गेली तर त्या तरी परत येतील का? असलं काही मी मानत नाही. तरी पान गळलं की माझी नजर आधी फोनकडे जायची.

एका दुपारी गिऱ्हाइकाचा कोट पोचवून आले, तर सासरे थोरलीसमोर उभे. दवाखान्यातून नुकतेच आलेले, पायातले बूटही काढले नव्हते. हातातला ग्लास तिच्या बुंध्याशी सावकाश रिकामा करत होते. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला हा माणूस, कुंडीकडे त्याने कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

माझा पारा चढला. बाबा, हे रोज चाललंय का, म्हटलं. आई एवढं बजावून गेल्या, मी इथे हात बांधून बसलेय, आणि तुम्ही तिला बुडवताय. मी बोलायला लागले की मला ब्रेक नसतो.

"तिकडे ती पाणी मागते," शेवटी ते म्हणाले. "ओठ सुकलेत तिचे. मी ग्लास भरतो, आणि नर्स नको म्हणते. मग तो हातात धरून नुसता बसतो. घरी आलो की कुणाला तरी द्यावंसं वाटतं गं."

मी त्यांच्या हातातला ग्लास घेऊन बाजूला ठेवला.

कुंडी आडवी करून आम्ही थोरलीला बाहेर काढलं. मुळं काळी पडली होती, धरली की हातात लिबलिबीत साल यायची. माझी कापडाची कात्री मी कुणाला कागदालासुद्धा लावू देत नाही. ती आणली आणि कुजलेलं सगळं छाटून टाकलं. उरलं काय, तर थोडी पांढरी मुळं आणि एक पान. सासऱ्यांनी लहान कुंडीत कोरडी माती भरली. त्यानंतर आम्ही एकमेकांवर पहारा ठेवला. ते उठले की मी विचारायचे, कुठे निघालात? मी उठले की ते विचारायचे.

सासूबाई परत आल्या तेव्हाही थंडी होतीच. त्या निम्म्या झाल्या होत्या, कोट खांद्यावरून उतरत होता. तो किती आत घ्यावा लागेल हे मी मनात बघून घेतलं, दुसरं काही मनात येऊ नये म्हणून. त्या सरळ खिडकीशी गेल्या. त्या एका पानाकडे बघत उभ्या राहिल्या.

"पाणी कोणी घातलं?"

"मी," सासरे म्हणाले.

"मी," मी म्हणाले, त्यांच्याबरोबरच.

सासूबाईंनी मातीत बोट घातलं, मग पदराला पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नाही. तू जागा हलवली असशील."

मग खुर्चीत बसल्या. "अहो, माझं आजचं अर्धा ग्लास पाणी राहिलंय. तेवढं आणा."

सासऱ्यांनी ते दोन्ही हातांनी धरून आणलं. त्या घोट घोट प्यायल्या. ते समोरून हलले नाहीत. रिकामा ग्लास परत घेताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मी मशीनकडे जायला उठले. सासूबाईंनी शेजारची खुर्ची थोपटली.

"बस, धाकटे. काही करू नकोस."

मी बसले.