बिनखोक्याचे बूट

आमच्या दुकानात बूट घ्या आणि सोलत बसा. बाहेर पिशवी, पिशवीत खोकं, खोक्यात कागद, कागदात आणखी एक पिशवी, बुटाच्या पोटात कागदाचा बोळा आणि बोळ्याखाली ओल शोषणारी पुडी. एवढं झाल्यावर कुठे बूट हाती लागतो. दहातली सात गिऱ्हाईकं "खोकं ठेवा तुम्हालाच" म्हणून निघून जातात आणि मागच्या गल्लीत खोक्यांचा ढीग लागतो. तो ढीग रोज सकाळी पायाखाली चेपून चपटा करायचं काम माझं, आणि तेव्हा रोज माझं डोकं फिरायचं. माझं डोकं तसं फिरायला फार काही लागत नाही.

दुकान काकांचं. काका-काकूंना मूलबाळ नाही, त्यामुळे पुढे ते मीच चालवावं असं काकूचं ठरलेलं होतं, माझं तर कधीच ठरलं होतं. फक्त काकांचं ठरत नव्हतं.

"खोकी बंद करू या," मी एकदा सरळ म्हणाले.

काका काउंटरमागे स्टुलावर बसून उजवा बूट काढून करंगळी चोळत होते. ही त्यांची जुनी सवय. "खोकं नाही तर जोड ओळखायचा कशावरून? मी डोळे मिटून सांगतो, तिसरी रांग, खालून दुसरं, आठ नंबर."

"मग डोळे उघडून सांगा की."

आत काकू खुदकन हसली. काका हसले नाहीत. "एक खेप घे बिनखोक्याची," ते म्हणाले. "शनिवारी दुकान बंद करताना मोजणी करायची. एक जरी जोड विजोड निघाला तर खोकी परत, आणि तू मामाच्या ऑफिसात नोकरीला. दुकानाचं मी काय ते बघतो."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी त्याच मिनिटाला कारखान्यात फोन लावला. तिथला माणूस शहाणा होता. खोकी नकोत म्हणता, तर जोड प्लास्टिकच्या दोरीने बांधून देऊ का, असं त्याने विचारलं. प्लास्टिक नको म्हटलं. रबर? रबरही नको. सुतळी? "काही म्हणजे काही नको," मी ठणकावलं. "बरं, ताई," तो म्हणाला.

सोमवारी दोन पोती आली. मी मोठ्या दिमाखात ती दुकानाच्या मधोमध उपडी केली, आणि एकशे वीस काळे बूट घरंगळत टेबलांखाली, आरशामागे, थेट दारापर्यंत गेले. सगळे एकाच ठशाचे. लेस नाही, बक्कल नाही. नंबर टाचेच्या आत, मोहरीएवढ्या अक्षरात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकू आधी पदर तोंडाला लावून हसली, मग भिंतीला टेकून, मग जमिनीवर बसूनच. काकांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारवर बोट ठेवलं. ते बोट मला चांगलंच लागलं.

हसण्याचा आवाज ऐकून शेजारचे टेलरमास्तर आले. त्यांनी पसारा बघितला, चष्मा वर केला, आणि परत जाऊन कापडाच्या कात्रणांनी भरलेलं गाठोडं घेऊन आले. "हे मी महिन्याला टाकून देतो," ते म्हणाले. "एका नंबराला एक रंग. पाचला लाल, सहाला निळा, सातला हिरवा, आठला पिवळा. जोड लावा आणि बांधा."

मग जे आलं ते गिऱ्हाईक आम्ही खाली बसवलं. पोस्टमन बसला. दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाई बसल्या, कारण बारीक अक्षर त्यांच्याइतकं कुणाला दिसेना. थोड्याच वेळात दुकानाचा बाजार झाला.

"सातचा उजवा आहे का कुणाकडे?"

"माझ्याकडे दोन डावे आहेत. एका उजव्याच्या बदल्यात देते."

"दोन डावे घेऊन मी काय करू, बाई? नाचू?"

आणि पोस्टमन खरंच दोन्ही पायांत डावे घालून दुकानभर नाचला. डॉक्टरीणबाईंना हसताना उचकी लागली. संध्याकाळपर्यंत साठ जोड दांडीवर रंगीबेरंगी चिंध्यांनी टांगले गेले. ज्याला बूट हवा त्याने दांडीवरून काढावा आणि आपल्याच पिशवीत घालून न्यावा. लोकांना चिंध्यांचं इतकं कौतुक की काहीजण रंग बघून नंबर मागू लागले. गुरुवारी गल्ली झाडणाऱ्या मावशी काळजीने विचारायला आल्या, "दुकान बंद पडलं का गं? खोकी दिसत नाहीत."

आठवडाभर काकाही चक्क इकडून तिकडे फिरत होते, स्टुलावर टेकेनातच. मला वाटलं, जिंकायची वाट बघतायत.

शनिवारी संध्याकाळी मोजायला बसलो. उरलेला एकेक जोड काकू उचलायची, मी भिंगातून नंबर वाचायची. शेवटचा जोड पिवळ्या चिंधीने बांधलेला होता. डावा आठ. उजवा सात.

मी पुन्हा वाचला, पुन्हा सातच. म्हणजे गावात कुणीतरी सातचा डावा आणि आठचा उजवा घालून हिंडत होतं, आणि मी मामाच्या ऑफिसात जाणार होते. काकूने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना, आणि काकांसमोर रडायचं नव्हतं म्हणून आणखी आवरेना.

काका काउंटरमागून बाहेर आले आणि दोन्ही पाय मापाच्या स्टुलावर ठेवले. "वाच," ते म्हणाले.

मी बूट काढून आत पाहिलं. डावा सात. उजवा आठ.

"ती पिवळी गाठ माझी. मंगळवारी मारली," काका म्हणाले. "लहानपणापासून माझा उजवा पाय मोठा. चाळीस वर्षं सातचाच जोड घातला."

"दुकान तुमचं, काका. बदलून घ्यायचा होता एक."

"खोकं फोडून जोड मोडला तर उरलेला विकायचा कसा? खोक्यात दोन्ही एकाच नंबराचे येतात. ज्याचं जळतं त्याला कळतं. ह्या आठवड्यात करंगळी आहे हेसुद्धा विसरलो मी."

"पण तुमची अट?" मी नाक पुसत म्हणाले. "जोड विजोड निघाला."

"कुठे विजोड? आयुष्यात पहिल्यांदा बसलाय." त्यांनी बूट पुन्हा चढवले. "पुढची खेप सांगून टाक कारखान्यात. ह्या वेळी सुतळीला हो म्हण. आणि दुकानाचं मी काय ते बघितलंय, आता तू बघ."

मग ते शेजारी गेले, आणि भिंतीपलीकडून "मास्तर, माझे पाय बघा" असं दोनदा ऐकू आलं. काकू पुन्हा जमिनीवर बसून हसायला लागली. मी पिवळ्या चिंधीला आणखी एक गाठ मारली आणि तो जोड अगदी दारात टांगला. डावा आठ, उजवा सात, ज्याचा असेल त्याने न्यावा.