खाऱ्या विहिरीचा शेवट

तिघेही गप्प होते. कूलरमधले पाणी तळाला गेले होते आणि त्याचा पंप कोरड्या घशाने आवंढे गिळत होता. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्लेक्सवर वाढदिवसाचे शुभेच्छुक ओळीने हसत होते. खोलीत त्या वेळी हसणारे तेवढेच होते.

"माह्यं काही चुकलं का?" पायलने विचारले.

संघपाल हातातल्या फ्लेक्सच्या कातरणाला पीळ देत राहिला. बेबीताईंनी अडकित्ता उघडला होता, पण त्यात सुपारी ठेवली नव्हती. अपेक्षा पायलच्या तोंडाकडे पाहत होती, बोलून झाल्यावरही ते हलते आहे की काय, अशा नजरेने.

पायल फक्त एवढेच म्हणाली होती, "ती बाई विहिरीत उतरतच नाही. तुमी शेवटचा सीन चुकीचा सांगून राहिले."

वरवर पाहता यात गप्प होण्यासारखे काही नव्हते. चार सिनेमावेडे एकत्र बसले की कोणीतरी कोणाचा तरी शेवट दुरुस्त करतोच. पण ज्या सिनेमाबद्दल बोलणे चालले होते, तो सिनेमा अस्तित्वातच नव्हता.

अमरावतीत संघपालचे फ्लेक्स छापण्याचे दुकान आहे. रविवारी दुपारी तो शटर अर्धे खाली ओढतो, आणि शाईच्या कडवट वासात सिनेमाची पंचायत भरते. निवृत्त परिचारिका बेबीताई आणि ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी अपेक्षा हे या पंचायतीचे जुने सभासद. बाकीचे येतात-जातात. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नावच 'अर्धं शटर' आहे. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल ठासून बोलणाऱ्या माणसांचा या तिघांना फार राग. म्हणून नवा माणूस आला की त्याच्यासमोर 'खारी विहीर' काढायची, अशी रीत पडली. तिघांनी मिळून रचलेला हा सिनेमा. नवा माणूस "वा, काय सिनेमा होता" म्हणाला की त्याने सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची. बहुतेक जण खाऊ घालत.

वर्षानुवर्षांच्या सरावाने सिनेमा चांगला मुरला होता. दिग्दर्शक संघपालने दिला होता: ओंकार थेटे, एकच सिनेमा काढून रिद्धपूरला निघून गेलेला, पुन्हा कोणाशी न बोललेला. बेबीताईंनी सांगितले होते की सिनेमात गाणे नाही, फक्त रहाटाचा आवाज आहे. आणि शेवटचे दृश्य अपेक्षाचे होते. खारपाणपट्ट्यातली एक विहीर, गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत असे तिचे पाणी. पहाटे एक बाई येते, काठावर चपला काढते आणि पायऱ्या उतरत जाते. पाणी तिला आवाज न करता घेते. काठावर चपला उरतात.

हे दृश्य कुठून आले, ते अपेक्षाने कोणाला सांगितले नव्हते. दर्यापूरकडच्या तिच्या गावी, ती दुसरीत असताना, तिच्या आईच्या चपला अशाच खाऱ्या विहिरीच्या काठावर सापडल्या होत्या. गावाने गळ टाकले, पोहणारी माणसे उतरवली. काही हाती लागले नाही. हे पाणी माणूस परत देत नाही, असे कोणीतरी म्हणाले आणि सर्वांनी ते मानले. बाप घरात भांडी फेकायचा, हेही सर्वांना ठाऊक होते. मग दिवस घातले गेले. लहान अपेक्षाला बायांनी विचारले होते, "तू कुठं होती व माय?" ती म्हणाली होती, "झोपली होती." तेव्हापासून तिला आई आठवायची ती पाण्यात उतरतानाच; आणि सिनेमातले दृश्य दर नव्या माणसासमोर पुन्हा सांगितले की ते पाणी आणखी थोडे घट्ट होई.

आजही सगळे नेहमीसारखेच सुरू झाले होते.

"थेटेचा कॅमेरा हालतच नाही ना बाप्पा," संघपाल म्हणाला होता. "नुसती विहीर, नुसती विहीर. माह्या बाजूचा माणूस तर घोरून राह्यला होता."

"घोरणाऱ्याले काय समजते थेटे?" बेबीताई फणकारल्या होत्या. "ते नटी पाह्य. डोळ्यातून एक थेंब नाही. आजकालच्या पोरी तर नाकातूनबी रडतात, अन् मागून शंभर व्हायोलिनं."

"नटी कायची, दगड होता तो."

"दगडच पाह्यजे ना रे तथी! तुह्या हिरोइनीले उभी केली असती तर तिनं पह्यले पदर सावरला असता, मंग उडी मारली असती."

अपेक्षाने नेहमीच्या शांतपणे शेवट सांगितला होता. पायऱ्या, पाणी, चपला. आणि नवी आलेली पायल, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कपडे तपासण्याचे काम करणारी, आईला भेटून सकाळच्याच गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरून थेट इथे पोहोचलेली, खाली मान घालून ऐकत राहिली होती. मग तिने मान वर केली आणि म्हणाली की ती बाई विहिरीत उतरतच नाही.

शेवटी संघपालनेच स्वतःला सावरले. "चाला, कचोरी काढा," तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "सिनेमा पाह्यला म्हणता ना तुमी?"

"मी नाही पाह्यला, दादा. मले मायनं सांगतला."

"कोणी?"

"मायनं. लहानपणी लाइन गेली की ते हा सिनेमा सांगे. दुसरा कोणताच नाही, हाच. मी लय शोधला. मोबाइलवर पाह्यला, टॉकीजवाल्यायले इचारलं. कोणालेच माहीत नाही. मंग मागच्या महिन्यात कोणीतरी तुमचं पोस्टर पाठवलं."

ते पोस्टर संघपालने मजा म्हणून छापले होते आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता: तडकलेली विहीर, काठावर चपला, वर पिवळ्या अक्षरांत नाव. त्याने अपेक्षाकडे पाहिले. अपेक्षा पायलकडेच पाहत होती.

"मायले दाखवलं मी," पायल म्हणाली. "ते फोन हातात घेऊन लय वेळ बसली. पडदा काळा झाला तरी पाहूनच राहिली. मंग म्हणे, यायनं चपला उलट्या काढल्या."

"उलट्या म्हणजे?" बेबीताईंचा आवाज बारीक झाला होता.

"तुमच्या पोस्टरात चपलायची तोंडं विहिरीकडं हायेत. माय म्हणते, घराकडं होती."

दुकानाबाहेरून एक ऑटो गेला. शटरखालच्या उजेडाच्या पट्टीत त्याची सावली एका टोकातून शिरली आणि दुसऱ्या टोकातून निघून गेली. अपेक्षाला वाटले, ती सावली खोलीतून जाताना काहीतरी सोबत घेऊन गेली. चपलांची तोंडे घराकडे होती. पोस्टर करताना संघपालने तिलाच विचारले होते, आणि तिने विचार न करता सांगितले होते: विहिरीकडे. मरायला निघालेल्या बाईच्या चपला विहिरीकडेच तोंड करून असायला हव्यात. दृश्य म्हणून तेच बरोबर होते.

"सांग ना मंग," संघपाल म्हणाला. त्याच्यातला थट्टेखोर कुठेतरी मागे राहिला होता, पण सिनेमावेडा अजून पुढे होता. "तुह्या मायच्या सिनेमात काय होते?"

पायल सांगू लागली, पाठ केलेल्या, दुसऱ्या कोणाच्या तरी लयीत.

"पहाट हाय. बाई विहिरीपाशी येते. घागर ठेवते. चपला काढते. लोकायले वाटलं पाह्यजे का ते बुडाली, म्हणून. मंग अनवाणीच धुऱ्यानं चालत जाते. कापूस वेचून झाला असते, पऱ्हाट्या पायाले टोचतात. रहाट नाही वाजत, काहीच नाही वाजत. बांधावर एक बाभूळ हाय. तथी ते थांबते."

रहाट वाजत नाही, हे ऐकून बेबीताईंनी अडकित्ता मिटला. कोणीतरी त्यांच्या सिनेमातून त्यांचा आवाज काढून घेतला होता.

"थांबते अन् वळून पाह्यते. घराच्या दारात तिची पोरगी उभी असते. जागी. हातात जर्मनचा गिलास. पाणी प्यायले उठली असन. दोघी एकमेकीले पाह्यतात. बाई तथून हालत नाही. तिनं मनात ठरवलं असते: पोरीनं एक हाक मारली, तर वापस जायाचं. मार खायाचा, पण वापस जायाचं."

"अन् पोरगी?" संघपालने विचारले.

"तेच तर." पायलने दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. "माय तथीच थांबते. दर खेपेले तथीच. लाइन आली तरी थांबते, नाही आली तरी थांबते. मी म्हणो, शेवट सांग ना व. ते म्हणे, शेवट मले माहीत नाही, तो त्या पोरीले माहीत."

त्या छोट्या खोलीत उन्हाळा एकाएकी निघून गेल्यासारखे झाले. अपेक्षाच्या बोटांना अ‍ॅल्युमिनियमचा गारवा लागला. गिलासाची कड एका बाजूला दबलेली होती, तिथे ओठ लावला की पाणी हनुवटीवरून ओघळायचे. तिने हे कोणाला सांगितले नव्हते. स्वतःलाही सांगितले नव्हते. तिच्या डोळ्यांपुढची विहीर, इतकी वर्षे काठोकाठ भरून ठेवलेली, आवाज न करता उतरू लागली. पायऱ्या उघड्या पडल्या. तळ दिसला. तळाशी कोणीही नव्हते.

"तुही माय," बेबीताई सावकाश म्हणाल्या, "कोणत्या टॉकीजात पाह्यला म्हणते हा सिनेमा?"

"माय कधी टॉकीजात गेलीच नाही, आजी. तेच तर मले समजत नाही. आमच्या बाबानं लय वेळा चाल म्हटलं. ते म्हणे, मले अंधारात बसवत नाही."

"नाव काय मायचं?"

"मनकर्णा."

अपेक्षाच्या कानांवर ते नाव कितीतरी वर्षांनी पडले. गावात ते कोणी घेत नसे. घरात भिंतीवरच्या तसबिरीखाली ते लिहिलेले होते, आणि दरवर्षी पितृपक्षात अपेक्षा स्वतः त्या नावाने पान वाढत आली होती. त्या नावाची बाई आता अकोल्यात कुठल्याशा घरात, विजेच्या खोळंब्यात, एका मुलीला दारात उभी करून तिची वाट पाहत बसत असे.

बेबीताईंना अपेक्षाच्या आईचे नाव ठाऊक नव्हते. पण माणसाच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरताना त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी अपेक्षाच्या मनगटावर हात ठेवला.

"अवो बाई," त्या पुटपुटल्या, "पाणी पाह्यजे का तुले?"

अपेक्षाने मान हलवली. नको.

संघपालला अजून काही कळले नव्हते. त्याला फक्त लाज वाटत होती. "पायलबाई, खरं सांगतो," तो म्हणाला. "राग नका मानू. असा सिनेमाच नाही. आमीच रचला. थेटेबी नाही, नटीबी नाही. नव्या माणसाची गंमत कराची म्हणून. ते विहीर, ते चपला, ते सारं आमच्या म्याडमनं सांगतलं. शेवट त्यायचाच हाय."

सांगून झाल्यावर त्याने जे म्हटले ते त्याच्याच कानांवर पडले, आणि तो थबकला.

पायल अपेक्षाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फसवणुकीचे दुःखही नव्हते. पंधरा-वीस वर्षे एकाच दृश्यावर अडकून पडलेल्या प्रेक्षकाची उत्सुकता होती, आणि तिच्या खाली, हळूहळू वर येणारे दुसरे काहीतरी. तिने अपेक्षाचे कपाळ पाहिले, हनुवटी पाहिली. ओळखीची वस्तू परक्या घरात दिसावी तसे पाहिले.

"मायची तब्येत बरी नाही आता," ती म्हणाली. "काल रात्री तिनंच म्हटलं, जाय. ज्यायनं पोस्टर काढलं त्यायले इचारून ये. त्यायले चपला माहीत हायेत, म्हणजे पुढचंबी माहीत असन." ती पुढे झुकली. "तुमाले माहीत हाय ना, ताई?"

अपेक्षाने मनगटावरचा बेबीताईंचा हात अलगद बाजूला केला आणि ती उठली. खुर्चीचा पाय एका गुंडाळलेल्या फ्लेक्सला लागला. फ्लेक्स उलगडत गेला, आणि त्यावरचे अनोळखी चेहरे एकेक करून जमिनीवर पसरले. ती त्यांना ओलांडून शटरापाशी गेली.

"बाई बाभळीपाशी लय वेळ उभी होती," पायल मागून म्हणाली. आता तिचा आवाज सिनेमा सांगणाऱ्याचा राहिला नव्हता. "ऊन पडेपर्यंत. त्या पोरीनं हाक काहून नाही मारली?"

अपेक्षा शटराखाली वाकली, पलीकडच्या पांढऱ्या उन्हात उभी राहिली, आणि वळून न पाहता चालू लागली.