नवघर रोडचा जॉइंट

माझं नाव दर्शना. ते बाबांनी ठेवलेलं नाही. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये माझा जन्म झाला तेव्हा बाबा मुलुंडला नवघर रोडवरच्या एका खड्ड्यात बसून टेलिफोनची केबल जोडत होते. केबलमध्ये पाणी शिरलं होतं आणि अर्ध्या मुलुंडचे फोन मुके झाले होते. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात पोचले, तोवर कमलआत्यानं नर्सला नाव सांगून टाकलं होतं आणि ते कागदावर चढलंही होतं. बाबा म्हणाले, “छान आहे.”

पण त्यांनी मनात एक नाव ठरवलेलं होतं. केबलचा जॉइंट, म्हणजे जोड, बंद करताना आत एक चिठ्ठी ठेवायची त्यांच्या खात्यात पद्धत होती. जोडणाऱ्याचं नाव आणि तारीख, एवढंच. मुलगी झाल्याचा निरोप त्यांना खड्ड्यातच मिळाला. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि जॉइंट बंद केला.

कोणतं, ते आईलाही सांगितलं नाही. “ताईनं ठेवलंय ना आता? माझं राहू दे जमिनीत.” आई छत्तीस वर्षं विचारत राहिली. मी दर वाढदिवसाला विचारायचे. उत्तर एकच. “जॉइंट उघडला की कळेल.” पाहुणे आले की आई हा किस्सा सांगायची, आणि बाबा चहाच्या कपाआड हसायचे.

बाबा जानेवारीत गेले. शेवटच्या आठवड्यात, ऑक्सिजनचा मास्क असताना, मी पुन्हा विचारलं होतं. त्यांनी एक बोट खाली, जमिनीकडे केलं. मास्कच्या आत वाफ आली. हसले असावेत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात नवघर रोडचा फुटपाथ खणायला सुरुवात झाली. पत्र्याच्या आडोशावर फलक होता: पुढच्या पिढीच्या नेटवर्कची तयारी, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बाबा असते तर तिथं उभे राहिले असते. पेपरात फाइव्ह-जी, सिक्स-जीची बातमी आली की ते मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, “बिनतारी म्हणे! अरे, खांबापर्यंत तरी तारच जाणार ना? का खांबाला पंख फुटणार?”

कामावरचा सुपरवायझर सर्वेश नावाचा तिशीतला मुलगा होता. त्यानं मला शांतपणे समजावलं. जुनी तांब्याची केबल काढायची, त्याच वाटेनं फायबर टाकायची, वर नवे छोटे टॉवर. हा पट्टा रविवारी.

“एक जॉइंट मला न तोडता काढून द्याल?”

“देतो की. माझ्यासाठी तो भंगारच आहे. पण कुठंय तो?”

बाबांच्या डायरीत जागा लिहिलेली होती. जुने लोक टेप वापरत नसत. ‘गिरणीच्या कोपऱ्यापासून स्टेशनकडे ४२ पावलं.’ पिठाची गिरणी जाऊन तिथं दातांचा दवाखाना आला होता, हे आईनं सांगितलं. तिथून मी बेचाळीस पावलं टाकली, तर औषधाच्या दुकानासमोर आले. सर्वेशनं टाकली, तर तो शाळेच्या फाटकापलीकडे गेला.

“मॅडम, तुमच्या बाबांची उंची किती होती?”

“तुमच्यापेक्षा कमी.”

“वाट लागली. एवढा सगळा फुटपाथ कोण फोडू देणार मला?”

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दारापासून खिडकीपर्यंत आठ.”

“काय आठ?”

“पावलं. जेवल्यावर फेऱ्या मारायचे ना. आठ झाली की वळायचे. सात नाही, नऊ नाही.”

मी टेप घेऊन खोली मोजली. एकोणीस फूट. त्या हिशेबानं बेचाळीस पावलांचे शंभर फूट निघाले. मी डायरीत ते लिहिणार, तेवढ्यात आई म्हणाली, “म्हातारपणी पाऊल आखडतं गं. तरुणपणी ढांगा टाकायचे. लग्न होऊन आले तेव्हा बाजारात मी मागून पळायचे त्यांच्या. सात-आठ फूट पुढं बघ.” मग तिनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

रविवारी सकाळी धोंडिरामकाका घाटकोपरहून आले. बाबांच्या बरोबरीचे, एकाच टोळीतले. येताना पिशवीत जुनी सुरी आणि कानस घेऊन आले होते.

“राजाराम साला वरून बघत असेल,” ते मला म्हणाले, “की ह्याला अजून सुरी धरता येते का.”

एकशे सात फुटांवर सर्वेशनं खूण केली. माणसांनी लाद्या उचलल्या, माती काढली. कमरेइतकं खोल गेल्यावर केबल दिसली आणि तिच्यावर मधोमध एक फुगीर भाग. सर्वेश ओरडला, “आईंना सांगा, झकास!” मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

धोंडिरामकाका हसले नाहीत. ते खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बघत राहिले.

“काय झालं, काका?”

“काळं प्लॅस्टिक आहे गं हे.”

“मग?”

“एकोणनव्वदला आम्ही शिशाची नळी बसवायचो. प्लॅस्टिक नंतर आलं.” ते खड्ड्यात वाकले. “मधे कुणीतरी उघडलाय हा.”

तरी त्यांनी तो कापला. दोन्ही बाजूंनी सोलत नेला. आत हजारभर बारीक तारा होत्या, रंगारंगाच्या, जुड्या बांधून नीट बसवलेल्या. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी होती. कोरडी. काकांनी ती मला दिली.

अक्षर बाबांचं होतं. ‘राजाराम खंडारे, जॉइंटर. दि. ११-८-२००५. पाणी काढून नवीन जोडले. ठीक.’

मी मागची बाजू पाहिली. कोरी होती.

“पुराचं वर्ष,” काका म्हणाले. “महिनाभर आम्ही सगळे खड्ड्यांत होतो. म्हणजे त्यानंच उघडला होता पुन्हा.”

“आणि आधीची चिठ्ठी?”

“जो उघडेल त्यानं जुनी काढायची, आपली ठेवायची. नियमच होता. नाहीतर जबाबदार कोण, ते कळणार कसं?”

“काढलेली कुठं जायची?”

काकांनी सुरी पँटला पुसली. बराच वेळ पुसत राहिले. “नळी तापवायला ब्लो-लॅम्प असायचा, तो पेटवायला कागद लागायचा,” ते म्हणाले. मग घाईनं, “पण राजारामनं खिशात ठेवली असेल. तू घरात बघ.”

घरात मी बघितलं होतं. कपाट, ट्रंका, सगळ्या डायऱ्या, शर्टांचे खिसे. दोनदा.

त्या ऑगस्टमध्ये मी सोळा वर्षांची झाले होते. पाण्यात उभं राहून सुजलेले पाय बादलीत बुडवून बाबा बसले होते, आणि मी विचारलं होतं. तेव्हाही ते म्हणाले होते, “जॉइंट उघडला की कळेल.” आणि तेव्हा तर तो त्यांनी नुकताच उघडलेला होता. म्हणजे ती चिठ्ठी आता आत नाही, हे त्यांना माहीत होतं. पुढची वीस वर्षं माहीत होतं. त्यांना सांगायचं नव्हतं, की सांगण्याचा दिवस अजून लांब आहे असं वाटत होतं, की आम्ही विचारत राहावं एवढंच हवं होतं, हे आता कुणाला विचारायचं?

“मॅडम,” सर्वेश हळू आवाजात म्हणाला, “कापू का? पलीकडून खेचायला माणसं थांबलीत.”

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही बाजूंनी केबल कापली आणि जॉइंट मातीच्या ढिगावर ठेवला. तो हवा का, असं सर्वेशनं विचारलं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“निघाला का गं?”

“निघाला.”

“चिठ्ठी होती?”

“होती.”

“चांगली आहे ना? वाचता येतेय ना?” तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली, बसली. सगळं ऐकू येत होतं. “सांग मग. काय ठेवलं होतं त्यांनी?”

मी चिठ्ठीकडे बघत होते.

“दर्शना? अगं, ऐकू येत नाहीये का?”

“येतंय, आई,” मी म्हणाले.